दोनदा मृत्युदंड झालेला मास्तर

बेल्जियममधल्या ल्युवेनला मी दोन वर्षं होते. रूम रिंगरोडजवळ होती, त्यामुळे रोज सायकलवरून युनिव्हर्सिटीत जाताना किल्ल्यासारखं दार असलेलं एक मोठं तुरुंग लागायचं, १८६० सालचं, अजून चालू आहे. मी त्याच्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं. एकदा घरमालकीणबाईंबरोबर (वय ऐंशीच्या पुढे, मी त्यांना मनातल्या मनात आजीच म्हणायचे) बाजारातून परत येत होतो, तर आजी त्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, इथे बोर्म्स होता. आणि हे म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला. रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं तरी आवाज खाली गेला, ते माझ्या डोक्यातून काही जाईना.

म्हटलं कोण हा बोर्म्स, तर आजी म्हणाल्या, तू आधी वाच, मग आपण बोलू. मग मी वाचत गेले, लायब्ररीतनं, म्युझियममधनं, जिथून मिळेल तिथून. आता परत येऊन बरीच वर्षं झाली पण हा माणूस काही सुटत नाही, म्हणून आज लिहितेच.

ऑगस्ट बोर्म्स. जन्म १४ एप्रिल १८७८, सिंट-निक्लास, म्हणजे अँटवर्पच्या पश्चिमेचं गाव. ल्युवेनलाच शिकला, जर्मॅनिक भाषांचा अभ्यास केला, पेशाने मास्तर. मधे तीनेक वर्षं पेरूमध्ये शिकवायलाही जाऊन आला. परत आल्यावर अँटवर्पला नोकरी आणि बाकी सगळा वेळ फ्लेमिश चळवळ, म्हणजे बेल्जियमच्या उत्तरेकडच्या फ्लँडर्स भागातल्या डच बोलणाऱ्या लोकांची चळवळ. भाषणाला उभा राहिला की माणसं हलायची नाहीत म्हणे. या माणसाला बेल्जियमने दोनदा मृत्युदंड सुनावला, पहिल्या महायुद्धानंतर एकदा आणि दुसऱ्यानंतर परत एकदा, आणि दोन्ही वेळा कारण तेच, देशात घुसलेल्या जर्मनांशी हातमिळवणी. पहिल्या वेळी शिक्षा कमी झाली, दुसऱ्या वेळी गोळी घातली.

एवढं ऐकून आपण फितूर म्हणून मोकळे होतो. आपल्याकडे सूर्याजी पिसाळ म्हटलं की पुढे काही बोलायला लागत नाही तसं. मीही आधी तसंच ठरवलं होतं. पण आजींनी वाच म्हटलं ते यासाठीच, की आधी भाषेचं दुखणं समजून घे.

ते दुखणं खोटं नव्हतं, हे मी अगदी मनापासून लिहितेय. १८३० मध्ये बेल्जियम झाला तेव्हा देशात डच बोलणारे जास्त होते, पण कारभार सगळा फ्रेंचमध्ये. कोर्ट फ्रेंच, सैन्य फ्रेंच, कॉलेज फ्रेंच. आणि गंमत म्हणजे फ्लँडर्समधले श्रीमंत लोकही घरात फ्रेंचच बोलायचे, डच ही नोकरांशी आणि शेतकऱ्यांशी बोलायची भाषा. १८६० मध्ये कुका आणि गुथाल्स नावाच्या दोन फ्लेमिश मजुरांना खुनाच्या आरोपावरून शार्लरुआला गिलोटिनवर मृत्युदंड दिला, खटला चालला फ्रेंचमध्ये आणि त्या दोघांना फ्रेंच येत नव्हतं. त्यांनी खून केला की नाही यावर लोक वाद घालतात, तो वेगळा विषय, पण आपल्या जिवाचा फैसला आपल्याला न कळणाऱ्या भाषेत होतोय ही गोष्ट फ्लँडर्समध्ये घराघरात सांगितली गेली. कायद्याच्या मजकुरात डचला फ्रेंचच्या बरोबरीचं स्थान मिळायला १८९८ उजाडलं. आणि युनिव्हर्सिटीचं शिक्षण डचमधून मिळावं ही मागणी तर पहिलं महायुद्ध सुरू झालं तरी लोंबकळतच होती.

आता १९१४. ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य आलं आणि २५ ऑगस्टच्या रात्री त्यांनी ल्युवेन पेटवलं. युनिव्हर्सिटीची लायब्ररी जळाली, काही लाख पुस्तकं, जुनी हस्तलिखितं, सगळं. शहरातली २४८ माणसं मारली. मी ज्या लायब्ररीत बसून हे वाचत होते ती नंतर बांधलेली, अमेरिकन पैशातून उभी राहिलेली, आणि मे १९४० मध्ये तीही परत जळाली. म्हणजे बोर्म्स ज्या युनिव्हर्सिटीत शिकला तिची लायब्ररी त्याच्या आयुष्यात दोनदा राख झाली, आणि दोन्ही वेळा ती राख गार झाल्यावर तो जर्मनांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. हे मला कळलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बाहेर येऊन बसले होते बराच वेळ.

जर्मनांना फ्लेमिश लोकांचं दुखणं बरोबर कळलं होतं. त्यांनी त्याला नावच दिलं होतं, फ्लामेनपोलिटिक, म्हणजे फोडा आणि राज्य करा याचाच जर्मन प्रकार. जर्मन गव्हर्नर जनरल फॉन बिसिंग याने फ्लँडर्समधल्या गेंट शहराची युनिव्हर्सिटी डच करायचं ठरवलं, जी गोष्ट बेल्जियमचं सरकार इतकी वर्षं देत नव्हतं ती परका सेनाधिकारी ताटात वाढून देतोय. घ्यायची की नाही घ्यायची? इथे फ्लेमिश चळवळ दुभंगली. घ्या म्हणणारे अ‍ॅक्टिव्हिस्ट, आणि युद्ध चालू असताना शत्रूच्या हातून काही नको म्हणणारे पॅसिव्हिस्ट. बोर्म्स अ‍ॅक्टिव्हिस्टांमधला सगळ्यात मोठा आवाज.

आणि मला इथे एका दुसऱ्या माणसाबद्दल लिहायचंच आहे, कारण त्याच्याबद्दल फार कुणी लिहीत नाही. पॉल फ्रेडरिक. गेंटमध्येच इतिहासाचा प्राध्यापक, आणि डच भाषेसाठी आयुष्यभर झटलेला. गेंट डच व्हावी हे त्याचंही स्वप्न. जर्मनांना वाटलं असेल हा तर आपल्यालाच मिळाला. पण तो नाही म्हणाला. मार्च १९१६ मध्ये त्याला आणि आंरी पिरेन या दुसऱ्या मोठ्या इतिहासकाराला अटक करून जर्मनीत नेलं, युद्ध संपेपर्यंत दोघं तिकडेच. फ्रेडरिक १९२० मध्ये गेला, त्याचं गेंट डच झालेलं त्याने बघितलं नाही. म्हणजे बोर्म्सची मागणी आणि फ्रेडरिकची मागणी अक्षरशः एकच होती, फरक कुणाच्या हातून घ्यायचं एवढाच.

जर्मनांनी डच केलेली गेंट ऑक्टोबर १९१६ मध्ये वाजतगाजत उघडली. त्याच ऑक्टोबरात त्यांनी बेल्जियमच्या कामगारांना जबरदस्तीने पकडून न्यायला सुरुवात केली, काहींना जर्मनीतल्या कारखान्यांत, काहींना फ्रंटच्या मागे खंदकं खणायला, एकूण १ लाख २० हजारांच्या आसपास माणसं. आणि यात फ्लेमिश मजूरही होते, डच बोलणारे, ज्यांच्या भाषेसाठी म्हणून ते सगळं चाललं होतं तेच. एका दारातून प्रोफेसर आत जातायत आणि दुसऱ्या दारातून मजूर गाडीत कोंबले जातायत. तरी अ‍ॅक्टिव्हिस्टांचं काम थांबलं नाही. फेब्रुवारी १९१७ मध्ये राड फान फ्लांडेरेन म्हणजे फ्लँडर्सची परिषद स्थापन झाली, बोर्म्स त्यात पुढेच होता, पुढच्या महिन्यात तिचं शिष्टमंडळ बर्लिनला चॅन्सलरला भेटून आलं, मग बिसिंगने देशाचा कारभार दोन भागात वाटून टाकला, आणि डिसेंबर १९१७ मध्ये या परिषदेने फ्लँडर्सचं स्वातंत्र्यच जाहीर करून टाकलं. निवडून कोण आलं होतं? कुणीच नाही.

फेब्रुवारी १९१८ मध्ये मात्र एक गोष्ट घडली ती वाचून मला फार भारी वाटलं. देश जर्मनांच्या ताब्यात, तरी ब्रसेल्सच्या अपील कोर्टाने आदेश काढला की या परिषदवाल्यांवर देशद्रोहाची कारवाई करा, आणि पोलिसांनी बोर्म्सला आणि त्याच्या एका साथीदाराला खरंच उचललं. जर्मनांनी लगेच सोडवलं आणि कोर्टाच्या न्यायाधीशांनाच पकडून जर्मनीत पाठवलं. त्यावर देशातल्या बाकी न्यायाधीशांनी काम बंद केलं. बंदुकीसमोर काळा कोट घालून उभं राहणं म्हणजे काय ते हे.

आणि हे सगळं चालू असताना फ्लँडर्सची पोरं होती कुठे? ती होती आयझर नदीच्या काठी, चिखलात. १९१४ च्या ऑक्टोबरात बेल्जियमने समुद्राच्या भरतीचं पाणी शेतांत सोडून जर्मनांना तिथे अडवलं आणि चार वर्षं देशाचा तेवढाच एक कोपरा राखला. सैनिक बहुतेक फ्लेमिश, वरचे ऑफिसर बहुतेक फ्रेंच बोलणारे. या सैनिकांचंही भाषेचं दुखणं होतंच, त्यांनी जुलै १९१७ मध्ये राजा अल्बर्टला जाहीर पत्र लिहिलं, गुपचूप संघटना चालवली, त्यातून पुढे फ्रंट पार्टी निघाली. पण बहुतेक सगळे खंदक सोडून गेले नाहीत.

मी डिक्समाउडेला जाऊन आलेय. तिथे या सैनिकांच्या आठवणीत ८४ मीटरचा टॉवर आहे, आयझरटोरेन. वर नो मोअर वॉर हे चार भाषांत लिहिलंय. समोर एक कमान आहे ती जुन्या टॉवरच्या दगडांची, कारण जुना टॉवर मार्च १९४६ मध्ये कुणीतरी रात्री स्फोटकं लावून उडवून दिला, कोण ते कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. का उडवला? कारण दुसऱ्या युद्धात हातमिळवणीवाल्यांनी तो टॉवर आपलाच करून टाकला होता, त्यांचे मेळावे तिथे व्हायचे. म्हणजे चिखलात मेलेल्या ज्या पोरांनी शत्रूला अडवलं त्यांचं स्मारक शत्रूच्या मित्रांनी वापरलं, आणि मग त्याची शिक्षा परत त्या मेलेल्या पोरांच्याच स्मारकाला झाली. तिथे वारा फार असतो, मी कमानीखाली उभी राहून रडले, खोटं नाही सांगत.

परत बोर्म्सकडे येते. १९१९ मध्ये पकडला गेला. त्याचे कितीतरी साथीदार हॉलंड-जर्मनीत पळून गेले होते. सप्टेंबर १९१९ मध्ये मृत्युदंड, मग तो बदलून जन्मठेप, आणि रवानगी ल्युवेनच्या त्या तुरुंगात. राजकारण सोडतो असं लिहून दे म्हणजे सोडतो असं सरकार म्हणालं, तर त्याने नाही सांगितलं. आणि इथूनच तो हुतात्मा व्हायला लागला. युद्धात त्याने काय केलं हे मागे पडलं आणि भाषेसाठी तुरुंगात बसलेला माणूस एवढंच उरलं. सरकारनेही युद्धात दिलेली समानतेची वचनं पाळायला इतका उशीर लावला की लोक चिडलेलेच होते.

मग आलं ९ डिसेंबर १९२८. अँटवर्पमध्ये एक लिबरल खासदार वारला म्हणून पोटनिवडणूक लागली. बाकी मोठ्या पक्षांनी उमेदवार दिला नाही, जागा लिबरलांकडेच राहू दे म्हणून. फ्लेमिश राष्ट्रवाद्यांनी तुरुंगातल्या बोर्म्सला उभं केलं, ज्याला कायद्याने निवडून येताच येत नव्हतं. निकाल लागला, बोर्म्स ८३,०५३, लिबरल उमेदवार ४४,४१०, आणि कोऱ्या किंवा बाद मतपत्रिका ५८ हजारांवर. म्हणजे त्या कोऱ्या मतपत्रिकासुद्धा समोरच्यापेक्षा जास्त! ब्रसेल्स हादरलं. निवड अर्थातच रद्द झाली, पण जानेवारी १९२९ मध्ये तो सुटला.

ती ८३ हजार मतं फितुरीला नव्हती असं मला ठामपणे वाटतं. लोकांनी ती भाषेसाठी दिली होती, आता पुरे झालं म्हणून दिली होती. आणि ती मतं लागू पडली, बघा ना. १९३० मध्ये गेंट युनिव्हर्सिटी पूर्ण डच झाली, या वेळी बेल्जियमच्या संसदेच्या कायद्याने, आणि पहिला रेक्टर झाला ऑगस्ट फर्मेलेन, म्हणजे लेखक आणि समाजवादी खासदार, बिसिंगचा कुणी माणूस नाही. १९३२ मध्ये कारभार आणि शाळांचे भाषा कायदे, १९३५ मध्ये कोर्टाचा. कुका-गुथाल्सचं प्रकरण आठवा आणि हा कोर्टाचा कायदा आठवा. ७५ वर्षं लागली पण झालं, मतांनी झालं.

माझं बोर्म्सशी भांडण खरं तर इथे आहे. १९१७ च्या बोर्म्सला मी एकवेळ समजून घेऊ शकते, सगळे दरवाजे बंद दिसत होते, चाळिशीचा चिडलेला मास्तर होता, चुकला, फार मोठं चुकला. पण १९४० मध्ये? आता तर दरवाजे उघडले होते. जे मागत होता ते डोळ्यांसमोर मिळत होतं, आणि त्यातलं काही त्याच्याच नावावर पडलेल्या मतांमुळे मिळालं होतं. जर्मन काय देतात आणि त्या बदल्यात काय नेतात हे त्याच्याइतकं जवळून कुणी बघितलं होतं? आणि या वेळचे जर्मन म्हणजे हिटलरचे. तरी गेला. साठी ओलांडलेली होती, घरी बसला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं.

हिटलरने तोच जुना डाव टाकला, फ्लेमिश युद्धकैद्यांना सोडलं आणि वालून म्हणजे दक्षिणेकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या कैद्यांना ठेवून घेतलं. या वेळी सूत्रं बोर्म्सच्या हातात नव्हती, ती होती व्हीएनव्ही या फ्लेमिश राष्ट्रवादी पक्षाच्या स्टाफ डे क्लेर्ककडे. हाही पेशाने शिक्षक, आधी फ्रंट पार्टीचा खासदार, १९३३ मध्ये व्हीएनव्ही काढली आणि १९४० च्या नोव्हेंबरात उघडपणे हिटलरवर विश्वास जाहीर केला. १९४२ मध्ये हार्ट अटॅकने मेला म्हणून कोर्टापुढे आलाच नाही. बोर्म्सकडे मान होता, पुतळ्याला असतो तसा. त्याच्या नावाने एक कमिशन काढलं, बोर्म्स कमिशन, पहिल्या युद्धानंतर शिक्षा भोगलेल्या अ‍ॅक्टिव्हिस्टांना भरपाई द्यायला. आणि सभांमधून तो पोरांना सांगायचा, पूर्व आघाडीवर जा, जर्मनांच्या बाजूने लढा. मास्तर माणूस, आणि पोरांना रशियाच्या बर्फात पाठवत होता.

आणि त्याचंच अँटवर्प. १४ एप्रिल १९४१, ईस्टरचा सोमवार, योगायोगाने बोर्म्सचा त्रेसष्टावा वाढदिवस. ज्यूद्वेषाचा एक प्रचारपट बघून बाहेर पडलेले फ्लेमिश कट्टर गट ज्यू वस्तीत घुसले, दुकानं फोडली, दोन सिनेगॉग पेटवले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये एका रात्रीत अँटवर्पच्या पोलिसांनी, जर्मन नाही, शहराच्या स्वतःच्या पोलिसांनी, १,२४३ ज्यू पकडून दिले. १९१८ मध्ये जर्मनांच्या नाकावर टिच्चून देशद्रोह्यांना उचलणारे पोलीस याच देशातले होते हे आठवलं की जास्तच त्रास होतो. मेखेलेनच्या डॉसिन बराकीतून २५ हजारांहून जास्त ज्यू आणि साडेतीनशेच्या आसपास रोमा लोकांना गाड्यांत भरून पाठवलं, बहुतेक सगळ्यांना आउशविट्झला, परत आले ते शंभरातले पाचसुद्धा नाहीत. आता तिथे म्युझियम आहे, एक अख्खी भिंत फोटोंची, खालपासून पार वरच्या मजल्यापर्यंत चेहरेच चेहरे. भाषेसाठी म्हणून सुरू झालेला रस्ता या भिंतीशी येऊन थांबला.

सप्टेंबर १९४४ मध्ये देश मोकळा झाला. बोर्म्स जर्मनीत पळाला, तिथून पकडून आणला, परत खटला, परत मृत्युदंड. १२ एप्रिल १९४६ ला ब्रसेल्सजवळच्या एटरबेकच्या बराकीत गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी ६८ पूर्ण झाली असती. त्या काळात बेल्जियमने ४ लाखांवर फायली उघडल्या, ५३ हजारांच्या आसपास लोक दोषी ठरले, २,९४० मृत्युदंड सुनावले आणि त्यातले २४२ अंमलात आणले. मृत्युदंड मला पटत नाही, बोर्म्सचाही नाही. म्हाताऱ्या माणसाला गोळी घालून त्यांनी त्याला परत हुतात्मा करून ठेवलं.

आजींनी मग मला त्यांच्या गावाचं सांगितलं. तिकडे हातमिळवणी करणाऱ्या घरांना काळी म्हणतात आणि विरोध करणाऱ्यांना पांढरी. झ्वार्ट आणि विट. आजींचे वडील काळे, व्हीएनव्हीच्या महापौराच्या हाताखाली कारकून होते. १९४४ मध्ये शेजाऱ्यांनी दारावर स्वस्तिक रंगवलं, फर्निचर रस्त्यावर टाकून फोडलं, आजी तेव्हा शाळेत होत्या. वडील दोन वर्षं आत होते, परत आल्यावर त्या विषयावर घरात कधी कुणी बोललं नाही, आईने तर मरेपर्यंत नाही. म्हणून तुरुंगाच्या दाराशी आवाज खाली गेला होता.

आणि हे जुनं झालंय असं नाही. १९७३ मध्ये एका कट्टर गटाने ऑस्ट्रियात पुरलेल्या फर्शाफे नावाच्या फितूर पाद्र्याचं शव उकरून गुपचूप फ्लँडर्समध्ये आणून पुरलं. शिक्षा झालेल्यांना माफी द्या ही मागणी कित्येक वर्षं संसदेत येत राहिली आणि वालून पक्ष संतापत राहिले. २०२१ मध्ये फ्लेमिश पार्लमेंटच्या पन्नाशीनिमित्त निघालेल्या एका मासिकात चळवळीच्या मोठ्या माणसांच्या यादीत बोर्म्स आणि डे क्लेर्कही होते, त्यावरून मोठा गदारोळ झाला. मला विचाराल तर अशा यादीत पहिलं नाव पॉल फ्रेडरिकचं पाहिजे.

निघायच्या आधी आजींना मी म्हटलं होतं की कधीतरी मी हे सगळं माझ्या भाषेत लिहीन. त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, लिही, पण भाषेचं दुखणं खरं होतं ते आधी लिही. मी म्हटलं, लिहिते, आणि तुमच्या वडिलांचं लिहू का? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, नाव नको, बाकी लिही, आणि या वेळी आवाज खाली गेला नव्हता.